चहा नावाची कॅसेट

माझ्या मुलाला वादात जिंकता येत नाही. म्हणून तो शेवटी असं काहीतरी बोलतो की समोरच्याला गप्पच बसावं लागतं. ही खोड त्याला कुठून लागली म्हणून कुणी माझ्याकडे बघू नये. मी वादात जिंकते.

त्या दिवशीचा वाद पुढच्या खोलीवरून होता. त्या खोलीत आमच्या ह्यांचं दुकान. रेडिओ, टेपरेकॉर्डर, लोकांच्या घरात जे जे बोलायचं बंद पडेल ते आमच्याकडे यायचं. हे गेले आणि खोलीला कुलूप लागलं. आत टेबल, टेबलावर उघडी पडलेली यंत्रं, बाटल्यांच्या झाकणांत वेगवेगळे केलेले स्क्रू, सगळं जसंच्या तसं. मुलाला ती खोली मोकळी करून तिथे गाडी ठेवायची होती. भंगारवाल्याशी बोलूनही झालं होतं.

"आज नको," मी म्हटलं.

"आज नको, उद्या नको. बाबा होते तेव्हा कधी त्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस, आणि आता एवढं प्रेम कुठून उतू चाललंय?"

"पाऊल टाकलं नाही? मग चहाचे कप काय वाऱ्यावर उडत जायचे?"

वाद त्याच्या हातातून निसटला. म्हणून तो म्हणाला, "बाबा जन्मभर त्या खोलीत का बसून राहिले ते सगळ्या गल्लीला माहीत आहे, आई. तुझ्या तोंडापायी."

सूनबाई पलीकडे बसून मुलांचे पेपर तपासत होती. तिचं पेन थांबलं. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो उठून चपला घालून बाहेरच गेला. मी ओट्याशी गेले आणि भांडी घासायला काढली. घासलेलीच होती. पुन्हा घासली.

गल्लीत मला भोंगा म्हणतात. पाठीमागे म्हणतात, समोर म्हणायची कुणाची टाप नाही. आणि ह्यांना मौनीबाबा म्हणायचे. दिवसभरात हे जेवढे शब्द बोलायचे तेवढे मी दूध उतू जात असताना बोलते. त्यातलेही निम्मे चहा मागण्यात जायचे. "अगं, चहा झाला का?" दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दाराला एक पडदा होता, त्या पडद्यातून दिवसभर हेच वाक्य यायचं. एक कप ठेवून परत येते न येते तोच, "अगं, चहा झाला का?" आणि केलेला चहा प्यायचा तरी? तेही नाही. साय धरलेले कप मी संध्याकाळी गोळा करून आणायचे. आल्या-गेल्याला मी ही गोष्ट रंगवून सांगत असे. लोक पोट धरून हसायचे, मीही हसायचे.

पण 'तोंडापायी' हा शब्द काही केल्या माझ्या मनातून जाईना. ह्यांना विचारायची सोय नव्हती. आणि होते तेव्हा विचारलं असतं, तर काय म्हणाले असते? चहा झाला का, म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने किल्ली मागितली. खोली रिकामी व्हायच्या आधी काही ठेवण्यासारखं आहे का बघते म्हणाली.

सूनबाई शाळेत इतिहास शिकवते. पण राजे आणि लढाया पाठ करून घ्यायच्या, हे तिच्या धोरणात बसत नाही. ती वस्तू गोळा करत हिंडते. कुणाच्या चष्म्याची मोडकी काडी, कुणाचं बसचं तिकीट, ओळख न पटणाऱ्या माणसांचा फोटो. या वस्तू मुलांपुढे ठेवते आणि विचारते, ही काय सांगते? मी एकदा तिला म्हटलं होतं, वस्तूच सांगायला लागल्या तर तुला पगार कशाला देतात? ती हसली. ती माझ्या बोलण्याला हसते. सुरुवातीला मला तो आगाऊपणा वाटायचा.

तासाभराने ती एक खोकं घेऊन आली.

"आई, या कॅसेटी बघा. काहींवर 'गाणी' लिहिलंय, काहींवर 'बातम्या'. आणि ही एक आहे. हिच्यावर 'चहा' लिहिलंय."

"चहा?"

"बाबांचंच अक्षर ना?"

त्यांचंच होतं. च काढताना खाली शेपूट ओढायची त्यांची सवय. मी म्हटलं, "कप ठेवायला घेतली असेल." पण माझ्या आवाजात दम नव्हता.

आम्ही पुढच्या खोलीत गेलो. टेबलावरच्या यंत्रांतलं एक चालत होतं. सूनबाईने कॅसेट लावली. थोडी खरखर झाली, मग टक् असा आवाज, आणि मग माझा माणूस माझ्या घरात बोलला.

"अगं, चहा झाला का?"

मी खुर्चीचा हात धरला. आणि लगेच दुसरा आवाज आला. "झाला का म्हणजे? मघाशी दिला तो काय टेबलाने प्यायला? मला दोनच हात, त्यातला एक तुमच्या लेकाने धरून ठेवलाय..."

हा आवाज माझा. असा येतो माझा आवाज? पत्र्यावर खडे पडावेत तसा. मी हात लांब करून बटण दाबलं. बंद.

"राहू दे," मी म्हटलं. "दे टाकून भंगारात."

सूनबाईने यंत्राचं झाकण उघडलं. कॅसेट खोक्यात ठेवली, खोकं कोपऱ्यात ठेवलं. मग हळूच म्हणाली, "माझ्या वर्गासाठी विचारणार होते. आवाज असलेलं साधन माझ्याकडे कधी आलंच नव्हतं."

"साधन?"

"ज्या काळाची गोष्ट, त्याच काळात तयार झालेली वस्तू. नंतर कुणीतरी सांगितलेली गोष्ट नाही. त्या वेळचीच."

त्या वेळचीच. म्हणजे माझ्या मुलाच्या म्हणण्याचा पुरावाच की. गल्ली काय म्हणते ते सोडा, मुलगा काय म्हणतो ते सोडा, इथे फितीवर पक्कं बसलं होतं. तो बिचारा कपभर चहा मागतोय, आणि ही बया त्याच्या अंगावर जातेय.

सकाळपर्यंत मला दुसरीच गोष्ट सुचली. लपवून ठेवलं, तर मुलाचं म्हणणं मीच मान्य केलं असं झालं. आणि मी असं काही मान्य करत नसते. चहा ओतता ओतता मी सूनबाईला म्हटलं, "घेऊन जा ती शाळेत. पण मीही येणार. माझ्या पाठीमागे माझा इतिहास कुणी शिकवायचा नाही."

"मग मला आधी पूर्ण ऐकावी लागेल, आई. न ऐकता मी वर्गात काही लावत नाही. तुम्हीही ऐका ना माझ्याबरोबर."

"मी एकदाच ऐकणार. वर्गात. दोनदा ऐकायची ताकद माझ्यात नाही."

त्या संध्याकाळी तिने खोलीचं दार लोटून ती ऐकली. बाहेर आली आणि सरळ ओट्याशी माझ्या बाजूला उभी राहिली. फडकं घेतलं आणि मी धुतलेली भांडी एक एक पुसायला लागली. एक शब्द नाही. मला वाटलं, कीव येतेय तिला माझी. मी म्हटलं, "ती कढई पुसायची नसते, तेल लावून ठेवायची असते." तिने कढईला तेल लावलं.

वर्गात मला शेवटच्या बाकावर बसवलं. बाक लहान, माझे गुडघे हनुवटीला लागायचे बाकी. सूनबाईने मुलांना एवढंच सांगितलं, की आज एक पाहुण्या आल्यात. पुढे उभी राहिलेली ती घरातल्यापेक्षा उंच वाटत होती. तिने फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं, 'ऐकू आलं'. दुसऱ्या बाजूला, 'वाटलं'.

"हे एक जुनं साधन आहे," ती म्हणाली. "एका दुरुस्तीच्या दुकानात मिळालं. कुणी केलं, कशासाठी केलं, आपल्याला माहीत नाही. आधी ऐका."

टक्. "अगं, चहा झाला का?" आणि मी सुरू. टक्. पुन्हा टक्, पुन्हा तेच विचारणं, पुन्हा मी. "पोटात विहीर आहे का तुमच्या? आत्ता कप ठेवून पाठ वळवली मी!" टक्. मग एक तुकडा असा, की माझा आवाज उंदरासारखा चिरका आणि घाईघाईचा. मुलं बाकांवर आडवी पडून हसली. त्याच्या पुढचा पुन्हा नीट. मग एक असा जाडाभरडा, की म्हैस बोलतेय. "तुमच्या लेकाने बुटाची नाडी चघळून पार दोरा केलाय तिचा, आणि तुम्हाला चहा सुचतोय!" मुलं डोळे पुसत होती. मी समोरच्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघत बसले. समुद्र निळा होता एवढंच आता आठवतं.

"काय मिळालं?" सूनबाईने विचारलं.

एक गुबगुबीत मुलगा उभा राहिला. "एक बाई ओरडतेय, मॅडम."

"ओरडतेय, हे ऐकू आलं की वाटलं?"

"ऐकू आलं!" सगळा वर्ग म्हणाला.

"आवाज मोठा आहे, हे ऐकू आलं. ओरडतेय म्हणजे ती रागावलेली आहे. हे?"

मुलगा विचारात पडला. "वाटलं," तो म्हणाला आणि खाली बसला.

चष्मेवाली एक मुलगी पहिल्या बाकावर होती, हात खाली घेतच नव्हती. "तो माणूस तिला घाबरतो."

"कशावरून?"

"ती बोलायला लागली की तो काहीच बोलत नाही."

"गप्प आहे, ऐकू आलं. घाबरतो..."

"वाटलं," चष्मेवाली म्हणाली. पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. "पण मॅडम, दोघांचे आवाज सारखे नाहीत. त्याचा जवळून येतोय, तिचा लांबून. म्हणजे तो वेगळ्या खोलीत बसलाय. कदाचित ती जवळ नको, म्हणूनच बसला असेल."

मुलाचंच वाक्य, एका परक्या मुलीच्या तोंडून. आणि माझ्या सुनेने काय करावं? तिने ते फळ्यावर लिहिलं. 'ती जवळ नको म्हणून वेगळा बसतो.' सुंदर, वळणदार अक्षरात. 'वाटलं'च्या खाली लिहिलं हे खरं, पण लिहिलं. उठून जावं असं मनात आलं, पण त्या बाकातून मला एकटीला निघता आलं नसतं.

"आता पुन्हा ऐकायचं," सूनबाई म्हणाली. "पण बाई काय बोलते ते सोडून द्या. ती सोडून काय काय ऐकू येतं तेवढंच."

पुन्हा लावलं. मुलांनी कान टवकारले. आणि गंमत अशी, की मीही टवकारले. आपलं बोलणं सोडून बाकीचं ऐकायची मला सवय नव्हती. बाळ रडत होतं. घड्याळ चालू होतं. टेबलावर कप ठेवल्याचा आवाज. लांबवर सायकलची घंटी.

खिडकीजवळ एक मुलगी बसली होती, बारीक कापलेले केस, कपाळाला आठी. प्रत्येक गोष्टीला "पण" म्हणून हात वर करणारी. मी मनातल्या मनात तिचं नाव शंकेखोर ठेवलं होतं. ती म्हणाली, "पण मॅडम, टक् आधी येतो."

"म्हणजे?"

"आधी टक्, मग चहा. दर वेळी तसंच. म्हणजे त्याने आधी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि मग चहा मागितला. चहा मागायला बटण कशाला दाबायचं?"

मी मान उंच करून तिच्याकडे पाहिलं.

मग एकदम सगळेच बोलायला लागले. गुबगुबीत म्हणाला, दुरुस्तीचं दुकान आहे ना, तो मशीन तपासत असणार. दुसरा म्हणाला, म्हणूनच एकदा आवाज चिरका आणि लगेच पुढे नीट, आधी बिघडलेलं आणि मग दुरुस्त केलेलं. सूनबाई लिहीत होती, तिचा हात पुरत नव्हता. 'दर वेळी यंत्र वेगळं.' 'वाक्य तेच.' 'प्रत्येक यंत्राला दोन चहा.'

"म्हणजे बघा," चष्मेवाली म्हणाली, "एवढ्या वेळा चहा. त्यांना चहा खूपच आवडत असणार."

आता माझा ताबा सुटला.

"आवडायचा कसला डोंबलाचा! गार करून ठेवायचे सगळा! ह्या एवढाल्या सायी धरायच्या कपांवर!"

सगळा वर्ग गर्रकन वळला. मग तो गुबगुबीत बोट दाखवून किंचाळला, "मॅडम! ही तीच बाई!"

पुढे काय गोंधळ झाला तो विचारू नका. शेजारच्या वर्गातले मास्तर दारात डोकावून गेले. सूनबाईचं हसू तिला आवरेना. शेवटी ती म्हणाली, "बरोबर. या माझ्या सासूबाई. आता तुमच्याकडे साक्षीदार आहे, काय विचारायचं ते विचारा. फक्त लक्षात ठेवा, साक्षीदाराचं सांगणंसुद्धा तपासून घ्यायचं असतं."

"तपासून?" मी म्हटलं. "मी खोटं सांगते की काय?"

"खोटं नाही, आई. पण तुम्हालाही काही ऐकू आलं असेल आणि काही वाटलं असेल."

चष्मेवाली कान पकडून माझ्याकडे बघत होती. "सॉरी आजी," ती म्हणाली. मी तिला हातानेच 'असू दे' केलं. शंकेखोरला सॉरी वगैरे काही नव्हतं. ती सरळ माझ्या बाकाशी येऊन उभी राहिली.

"आजी, ते चहा प्यायचे नाहीत?"

"एखादा प्यायचे. बाकीचे तसेच."

"मग मागायचे कशाला?"

"सवय. दुसरं काय?"

"सवय, हे तुम्हाला ऐकू आलं की वाटलं?"

मुलं हो हो करून ओरडली. माझ्या उभ्या आयुष्यात मला असं कुणी पकडलं नव्हतं.

"वाटलं," मी म्हटलं.

गुबगुबीत जागेवरून म्हणाला, "त्यांना चहा नकोच होता. त्यांना आजींना बोलतं करायचं होतं. मशीनसाठी."

"पण," शंकेखोर त्याच्यावर उलटली, "मशीनसाठी कुणाचाही आवाज चालतो. सगळे दुकानदार एक-दोन-तीन, एक-दोन-तीन म्हणतात. स्वतः म्हणायचं. आजींना कामातून कशाला त्रास द्यायचा? मला वाटतं, ते त्यांची चेष्टा करत होते."

मला तिचा राग आला नाही. तिचं बरोबर होतं. चेष्टा असेल, तर तेही समजून घ्यायला हवं. घरात बायको चिडते आणि हा पडद्याआड बसून मजा बघतो. गप्प माणसं अशी असतात.

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. "शेवटचा एक तुकडा राहिलाय," ती म्हणाली. "आवाज अगदी बारीक आहे. पंखा बंद करा."

टक्.

"अगं, चहा झाला का?"

काहीच नाही. घड्याळ. कुठेतरी चमचा वाजला. पुन्हा ते म्हणाले, जरा मोठ्याने, "अगं, चहा झाला का?" आणि आतून फुगा हळूहळू सुटावा तसा फुस्स आवाज आला. मग पावलं वाजली, दुकानात कुणीतरी आलं. पुरुषाचा आवाज. "झालं का माझं?" आणि हे म्हणाले, "आज नाही देता यायचं. आवाज बसलाय." पुढचं सगळं खरखरीत गेलं.

"मशीनचा आवाज बसला," मुलं म्हणाली. "दुरुस्त झालंच नाही."

"हे ऐकू आलं?"

सूनबाईने फीत मागे घेतली आणि यंत्र उचलून वर्गाच्या मधोमध ठेवलं. मुलं भोवती गोळा झाली, डोक्याला डोकं लावून. मी बाकातून निघाले. कशी निघाले माहीत नाही. त्या डोक्यांमध्ये माझंही डोकं होतं.

"आज नाही देता यायचं. आवाज बसलाय."

"काल तर चांगला येत होता की! आता काय बिघडलं त्यात?"

"मशीन ठणठणीत आहे हो. घरातला बसलाय."

"अहो, मग तुम्हीच बोलून बघा आणि द्या."

"माझ्या आवाजात काय आहे? सगळा एका पट्टीतला. तिच्या बोलण्यात वरचं-खालचं सगळं येतं. तिचं नीट उमटलं की मी समजतो, यंत्र बरोबर. दोन दिवस जाऊ द्या. औषध चालू आहे."

टक्.

एवढं लांबलचक ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलले.

माझा घसा त्या वेळी पार गेला होता. गल्लीने बहुतेक आनंद साजरा केला असेल. त्या दिवसांत माणसं दुकानातून हात हलवत परत जायची, हे मी आतून बघत होते. मला वाटलं, ह्यांच्या हातून काम होत नाहीसं झालंय. ते बोलून दाखवायलाही मला आवाज नव्हता, याचंच मला तेव्हा जास्त वाईट वाटलं होतं.

शंकेखोर खाली बघून पायाचा अंगठा फरशीवर घासत होती. मग तिने मान वर केली, अर्थातच.

"पण आजी, त्यांनी तुम्हाला हे कधीच का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं, तर मी सावरून बोलले असते," मी म्हटलं. "मग त्यांच्या मशीनची परीक्षा काय कपाळ झाली असती?"

बोलले, आणि बोलता बोलताच माझं मला पटलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी येऊ दिलं. पोरं चांगली होती, बघून न बघितल्यासारखं करत होती. चष्मेवाली डस्टर घेऊन फळ्याकडे धावली, आपलं वाक्य पुसायला.

"पुसू नकोस," सूनबाई म्हणाली. "रेघ मार. आधी काय वाटलं होतं, तेही दिसू दे."

चष्मेवालीने पट्टी लावून रेघ मारली. आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "पण मग आजी, ते वेगळ्या खोलीत का बसायचे?"

"अगं बाई, दुकान होतं ते त्यांचं! दुकानात नाही बसायचं, तर काय झाडावर बसायचं?"

तेवढ्यात घंटा झाली. बाहेर जाताना गुबगुबीताने मला विचारलं, म्हशीचा आवाज पुन्हा काढून दाखवाल का? मी काढून दाखवला.

घरी येताना सूनबाई माझ्या उजव्या हाताला चालत होती, रहदारीच्या बाजूने. ती नेहमी तशीच चालते. माझ्या ते आजवर लक्षात आलं नव्हतं.

"तुला सगळं माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"मग त्या दिवशी भांडी पुसताना तोंड नाही उघडवलं?"

"मी सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, सून गोड बोलून मला गुंडाळतेय."

"म्हटलंच असतं."

"म्हणून तुम्हाला तिऱ्हाइतांकडून ऐकवलं."

चालत चालत आम्ही गल्लीच्या टोकाशी आलो. मग मी तिला म्हटलं, "तुझ्या वर्गात बाक फार लहान आहेत. आणि तू शिकवतेस बरं." हे वाक्य बोलायला मला एक अख्खी गल्ली लागली. ती हसली. तो आगाऊपणा नव्हता. कधीच नव्हता बहुतेक, मला वाटला होता.

मुलगा पुढच्या खोलीच्या दारात टेप धरून मापं घेत होता. गाडी मावते की नाही. आम्हाला बघून तो वाकलेलाच राहिला. त्या वादापासून माझ्याशी नजर मिळवत नव्हता.

"इकडे ये," मी म्हटलं. "बाबा माझ्या तोंडापायी दुकानात बसून राहिले म्हणालास. ते तुला ऐकू आलं की वाटलं?"

"काय?"

"सरळ विचारतेय. ऐकू आलं की वाटलं?"

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने आधीच यंत्र टेबलावर ठेवलं होतं. मी आत निघून गेले. माझं एकदाच ऐकायचं ठरलं होतं, ते ऐकून झालं होतं. पण पडदा काही भिंत नव्हे. पहिला टक् ऐकू आला, मग ह्यांचा आवाज, मग माझा. माझ्या मागे ते रडणारं बाळही ऐकू आलं. आता ते बाळ केवढं मोठं झालंय, डोक्यावरचे केस विरळ झालेत, आणि आपलंच रडणं उभं राहून ऐकतंय. शेवटचा तुकडा त्याने दोनदा लावला. मग तिसऱ्यांदा.

माझ्या समोर येऊन 'चुकलो' म्हणणं त्याच्याकडून होणार नाही, हे मला ठाऊक होतं. ते तोंड त्याने बापाकडून घेतलंय. मी पातेलं काढलं आणि उगाच पुसत राहिले.

सूनबाई आत आली आणि बोट ओठांवर ठेवून माझ्या बाजूला उभी राहिली.

पडद्यापलीकडे आधी टक् झालं.

मग माझा मुलगा म्हणाला, "आई, चहा झाला का?"

मी पातेलं खाली ठेवलं. घसा खाकरून मोकळा केला.

"झाला का म्हणजे?" मी म्हटलं. "आणि हे बघ, या घरात आजपासून जो चहा मागेल त्याने तो प्यायलाच पाहिजे..."

आणि मग मी थांबले नाही.